रविवारच्या विमानाआधीचे दहा दिवस : चौघांच्या घराची आवराआवर

परिस्थिती

परदेशात सहा वर्षं राहिलेलं कुटुंब कायमचं मायदेशी परततंय. नवरा-बायको, नऊ वर्षांची मुलगी आणि तिथेच जन्मलेला चार वर्षांचा मुलगा. दोन बेडरूमचा भाड्याचा फ्लॅट, तिसरा मजला, लिफ्ट चार माणसांपुरती. विमान रविवारी रात्री. त्याच आठवड्यात मंगळवार-बुधवारी पॅकर्स येऊन सामान बांधून नेणार आणि ते जहाजाने जाणार. रविवारी दुपारी चारला घर एजंटच्या ताब्यात द्यायचं. आराखडा एवढाच. हे कुटुंब नमुन्याचं आहे. अनेक घरांत सुटं सुटं घडणारं इथे एकाच घरात मांडलंय.

कागदावर या आराखड्यात काही चूक दिसत नाही, आणि खोकी भरायला खरंच दोन दिवस पुरतात. घोळ होतो तो क्रमाचा. कुठली वस्तू कुठल्या वाटेने जाणार आणि कुठली गोष्ट एकदा बंद केली की पुन्हा उघडता येत नाही, हे आधी ठरलेलं नसतं. वाटा पाच आहेत: जहाज, विमानात चेक-इन होणाऱ्या बॅगा, हातातलं सामान, इथेच सोडायचं, आणि ज्याचं त्याला परत करायचं. पाचवी वाट सगळे विसरतात. इंटरनेटचा मोडेम, वाचनालयाची पुस्तकं, शाळेने दिलेला टॅबलेट, ऑफिसचा लॅपटॉप, पार्किंगचा रिमोट हे सगळं त्या वाटेचं. दहा दिवस आधी पाच रंगांच्या चिकटपट्ट्या आणून घरभर लावल्या की पुढचे निम्मे वाद टळतात.

माप कुठे चुकलं

पॅकर्सच्या कंपनीने महिनाभर आधी व्हिडिओ कॉलवर घर पाहून ९ घनमीटरचा अंदाज दिला होता. हिशोब असा: पुस्तकं आणि जड वस्तूंची दीड घनफुटी लहान खोकी १४, तीन घनफुटी मध्यम २६, साडेचार घनफुटी मोठी १२, मिळून सुमारे ४.३ घनमीटर. सोफा दीड, सुटा केलेला पलंग, टेबल, खुर्च्या आणि पुस्तकांचं कपाट मिळून दोन. गाद्या, टीव्ही, दिवे आणि किरकोळ सव्वा. बेरीज नऊच्या आसपास येते आणि ती बरोबर आहे, फक्त तळघरातली स्टोरेजची खोली कॅमेऱ्याला दाखवलीच नव्हती. तिथे दोन सायकली, तंबू, बाबागाडी आणि सहा वर्षांपूर्वी न उघडता ठेवलेली आठ खोकी होती. ते १.८ घनमीटर. एकूण १०.८.

पावणेदोन-दोन घनमीटर म्हणजे किरकोळ वाटतं. तसं ते नाही. एवढ्या सामानाला स्वतःचा कंटेनर परवडत नाही; वीस फुटी कंटेनरच्या आतच सुमारे ३३ घनमीटर जागा असते. म्हणून सामान लाकडी पेट्यांत भरून इतरांच्या सामानाबरोबर एका कंटेनरमध्ये जातं. प्रचलित पेटी बाहेरून सुमारे ५.६ घनमीटर भरते, पण तळाच्या ठोकळ्यांत आणि भिंतींच्या जाडीत दहा-बारा टक्के जागा जाते. दोन पेट्यांत मावतं जेमतेम ९.८ ते १०. म्हणजे १०.८ ला तिसरी पेटी लागते, आणि आकारणी बऱ्याचदा पेटीच्या बाहेरच्या मापावर होते. कोटेशनमध्ये दर सामानाच्या मापावर आहे की पेटीच्या, हे लेखी विचारून घ्यावं.

मंगळवारी सकाळी हे लक्षात आल्यावर सोफा सोडायचं ठरलं. निर्णय योग्य होता. आमचा ठोकताळा असा: प्रति घनमीटर दराला वस्तूच्या आकारमानाने गुणायचं आणि तिकडे तशीच नवी वस्तू केवढ्याला पडते ते शेजारी लिहायचं. नेण्याचा खर्च नव्या किमतीच्या निम्म्यावर गेला की वस्तू सोडायची. आजीने दिलेल्या खुर्चीला हा नियम लावू नये. सोफ्याला जरूर लावावा.

पण निर्णय मंगळवारी झाल्यामुळे दुसरीच अडचण उभी राहिली. मोठं फर्निचर उचलून नेणारी नगरपालिकेची गाडी पुष्कळ शहरांत बरीच आधी नोंदवावी लागते, आणि घर तर रिकामं द्यायचंय. सोफा शेवटी खालच्या मजल्यावरच्या भाडेकरूला फुकट गेला, तेही त्याचा दरवाजा पुरेसा रुंद निघाला म्हणून. सोडायच्या मोठ्या वस्तूंचा निकाल पॅकर्स येण्याच्या तीन आठवडे आधी लागायला हवा, आणि घेणाऱ्याने शब्द फिरवलाच तर दुसरी सोयही हाताशी हवी.

जड ते जहाजात, हलकं ते विमानात

जहाजाचं भाडं आकारावर ठरतं, विमानाच्या बॅगेला मर्यादा वजनाची असते. त्यामुळे पुस्तकं, स्टीलची भांडी आणि हत्यारं जहाजात स्वस्त पडतात. फुगीर पण हलकी जॅकेटं आणि मऊ खेळणी बॅगेत. घरोघर नेमकं उलटं होतं. ‘मोलाची पुस्तकं आपल्याजवळ असू देत’ म्हणून बॅगेत भरतात, आणि ३० खंडांतच २३ किलो संपतात.

काही सामान लवकर हवं म्हणून ‘थोडं हवाई कार्गोने पाठवू’ असं या घरातही ठरत होतं. हवाई मालाचं वजन प्रत्यक्ष आणि आकारावरून काढलेलं, यांतलं जे जास्त ते धरतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ६००० ने भागायचं. कुरिअरवाले बहुधा ५००० ने भागतात. दुलयांचं मोठं खोकं काट्यावर ६ किलो भरलं तरी हिशोबात २१ किलो धरलं जातं. त्यापेक्षा विमान कंपनीची एक जादा बॅग आधी ऑनलाइन घेतली तर ती सहसा स्वस्त पडते. हे गणित मांडल्यावर हवाई कार्गोचा बेत रद्द झाला.

जहाजाचं सामान कधी मिळेल? कंटेनर भरेपर्यंत पेट्या गोदामात थांबतात, मग समुद्र, मग कस्टम्स. दोन ते तीन महिने धरावेत आणि बॅगा त्या हिशोबाने भराव्यात: उतरल्यावर तिथे जो ऋतू असेल त्याचे कपडे, शाळेचं साहित्य, एक छोटा डबा भांडी, आणि डॉक्टरच्या चिठ्ठीसह औषधं. चिठ्ठीवर ब्रँड नव्हे, औषधाचं मूळ नाव हवं, कारण ब्रँड देशागणिक बदलतात. झोपेच्या, वेदनाशामक आणि एकाग्रतेच्या काही औषधांवर कित्येक देशांत निर्बंध असतात. ते आधी तपासावं.

व्होल्टेजचा निकालही इथेच लावायचा. उपकरणाच्या लेबलवर इनपुट १००–२४० व्होल्ट लिहिलं असेल तर फक्त पिन बदलायची. एकच आकडा असेल आणि तिकडचा वीजपुरवठा वेगळा असेल, तर मिक्सर, टोस्टर, हेअर ड्रायर इथेच सोडावे. गरम होणारी उपकरणं एक-दोन किलोवॅट घेतात आणि तेवढा ट्रान्सफॉर्मर त्या वस्तूपेक्षा महाग आणि जड असतो.

मंगळवार-बुधवार

पॅकर्स वेगाने काम करतात आणि समोर दिसेल ते बांधतात. भरलेली कचऱ्याची बादली तशीच गुंडाळून समुद्रापार पोचल्याचे किस्से या धंद्यात कुणालाच नवे नाहीत. म्हणून एक जागा त्यांच्यासाठी बंद हवी. या घरात लहान बेडरूम सोमवारी रात्रीच पूर्ण रिकामी करून तिथे फक्त बॅगा, हातातलं सामान आणि परत करायच्या वस्तू ठेवल्या. दारावर लाल पट्टी आणि ‘नेऊ नका’ असा कागद, पॅकर्सना कळेल त्या भाषेत. खोली बरोबर निवडली होती, कारण ती आधीच रिकामी झाल्याने आत जायचं त्यांना कामच नव्हतं. बाथरूमला अशी पट्टी लावून उपयोग नाही. तिथे दिवसभर कुणी ना कुणी जातंच.

तरीही मोडेमचा अडॅप्टर गेला. मोडेम लाल खोलीत सुरक्षित होता, पण अडॅप्टर हॉलमधल्या भिंतीलाच राहिला होता आणि ‘केबल’ या खोक्यात बांधला गेला. उपकरण अर्धवट परत आलं की कंपनी पैसे कापते. वस्तू तिच्या वायर आणि रिमोटसकट एका पिशवीत घातल्याशिवाय ती लाल खोलीत गेली असं समजू नये.

फर्निचर सोडवताना निघालेले स्क्रू त्याच फळीला चिकटवण्याची पद्धत आहे. टेप निसटतो आणि पिशवी फाटते. सगळे स्क्रू झिपच्या पिशव्यांत, पिशवीवर वस्तूचं नाव, सोबत ते पिळायचे पाने, आणि हे सगळं एकाच डब्यात: खोकं क्रमांक १. सोडवण्याआधी सांध्यांचे फोटो.

ओलावा हा समुद्री प्रवासातला सगळ्यांत मोठा शत्रू. दिवसा कंटेनर तापतो, रात्री पत्रा गार होतो आणि आतल्या हवेतली वाफ छताला लागून थेंब होऊन खाली पडते. वाफ येते कुठून? दमट लाकूड, धुऊन पुरते न वाळलेले टॉवेल, अर्धवट सुकलेला तंबू यांतून. तंबू आणि बूट निदान दोन दिवस उघडे पसरून वाळवावेत. खोक्यात सिलिका जेल घातलं तर बिघडत नाही, पण ओल्या कपड्यापुढे त्याचं काही चालत नाही. निर्वात पिशव्यांतली हवा काही आठवड्यांत परत भरते आणि फुगलेली पिशवी खोकं फोडते, म्हणून त्या खोक्यात ठासून भरू नयेत.

सायकलींची चाकं, बागेची हत्यारं आणि चिखलाचे बूट ब्रशने घासून, धुऊन, वाळवून द्यावे लागतात. माती, बिया, वाळलेली फुलं कृषी तपासणीत अडकतात आणि एका बुटाच्या मातीपायी अख्खी पेटी उघडली जाते. पेटीच्या लाकडावर गव्हाच्या ओंबीची खूण आणि सांकेतिक आकडे छापलेले हवेत. त्यात ‘एच.टी.’ ही अक्षरं असतील तर लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला सलग ३० मिनिटं तापवलंय असा अर्थ. खूण नसेल तर बुधवारीच विचारावं, बंदरात नव्हे.

गॅसचे डबे, स्प्रे, रंग, नेलपॉलिश रिमूव्हर आणि सुट्या लिथियम बॅटऱ्या पॅकर्स घेत नाहीत, आणि बरोबर करतात. विमानातला नियम वॉट-तासांवर चालतो: व्होल्ट गुणिले अँपिअर-तास. २०,००० मिलिअँपिअर-तासांची पॉवर बँक ३.७ व्होल्टने ७४ वॉट-तास होते; १८ व्होल्ट ५ अँपिअर-तासाच्या ड्रिलची बॅटरी ९०. सर्वसाधारण नियमाने शंभरपर्यंत चालतं, शंभर ते एकशेसाठ विमान कंपनीच्या परवानगीने, त्यावर नाही. सुटी बॅटरी आणि पॉवर बँक हातातल्या सामानातच, टोकांवर टेप लावून. विमान कंपनीचा स्वतःचा नियम याहून कडक असू शकतो. इलेक्ट्रिक स्कूटरची बॅटरी बऱ्याचदा या मर्यादेबाहेर जाते; तशी असेल तर स्कूटर विकून टाकावी.

यादी आणि विमा

बुधवारी संध्याकाळी, सगळे थकलेले असताना, सहीसाठी यादी पुढे येते. तीच नीट वाचायची. त्यात प्रत्येक वस्तूपुढे तिच्या आधीच्या अवस्थेच्या खुणा असतात: ओरखडा, पोचा, डाग. या घरात नव्या टेबलापुढे सरसकट ‘ओरखडे’ लिहिलं होतं. तशीच सही केली असती तर प्रवासात पडलेला ओरखडाही आधीचाच ठरला असता. फोटो दाखवून तेवढी नोंद खोडून घेतली.

दुसरी खूण ‘पी.बी.ओ.’, म्हणजे मालकाने स्वतः बांधलेलं खोकं. पैसे वाचवायला काचेची भांडी आदल्या आठवड्यात घरच्यांनीच बांधली होती. अशा खोक्यातली आतली फूट बहुतेक विमा देत नाही. अख्खं खोकं हरवलं तरच देतो. म्हणून पुस्तकं आणि कपडे स्वतः बांधावेत, काच त्यांना बांधू द्यावी. इथे ती तीन खोकी उघडून पुन्हा बांधून घेतली, दीड तास गेला, पण यादीतून पी.बी.ओ. निघाला.

‘विविध’ असं लिहिलेलं एकही खोकं नको. कस्टम्सला त्यातून काहीच कळत नाही, म्हणून ते उघडतात. ‘वापरलेली लहान मुलांची पुस्तकं, ४०’ असं लिहिलेलं पुढे जातं. नवीन, पॅकबंद वस्तू घरगुती वापरलेल्या सामानाच्या सवलतीत सहसा बसत नाहीत. पावत्या मात्र जपून ठेवाव्यात.

विम्याची रक्कम लिहिताना वस्तूची आजची जुनी किंमत न लिहिता तिकडे तशीच नवी घ्यायला काय पडेल ते लिहावं, पॉलिसी त्या आधारावर असेल तर. कमी रक्कम लिहिली तर नुकसानभरपाईही त्याच प्रमाणात कापली जाते. जोडी आणि संच यांचं कलमही बघावं: सहा खुर्च्यांपैकी एक मोडली तर एकीचेच पैसे की संचाचे?

‘आमच्या सामानात मोलाचं काय आहे, विमा कशाला’ हे वाक्य हमखास ऐकू येतं. त्याला उत्तर आहे जनरल अॅव्हरेज. जहाज वाचवण्यासाठी मुद्दाम केलेला त्याग किंवा खर्च यॉर्क-अँटवर्प या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार जहाजमालक आणि सगळ्या मालाचे मालक यांच्यात वाटला जातो. तुमच्या पेटीला धक्काही लागला नसेल तरी. विमा असेल तर हमीपत्र विमा कंपनी देते; नसेल तर रोख अनामत भरल्याशिवाय माल सुटत नाही. २०२१ साली सुएझ कालव्यात अडकलेल्या एव्हर गिव्हन जहाजाच्या मालकाने हेच जाहीर केलं होतं.

बॅगा आणि कागद

तिकिटावर माणशी दोन बॅगा, २३ किलोच्या. लांबी, रुंदी, उंचीची बेरीज साधारण १५८ सेंटिमीटरच्या आत. घरचा काटा अर्धा-पाऊण किलो चुकतो, म्हणून २२ वरच थांबावं. बरेच विमानतळ ३२ किलोवरची एकच बॅग जादा पैसे देऊनही उचलत नाहीत, कारण तो हमालांच्या सुरक्षिततेचा नियम आहे. पुढचा देशांतर्गत प्रवास वेगळ्या तिकिटावर असेल तर तिथली मर्यादा लागते. या घरात ती माणशी एकच बॅग निघाली आणि चार बॅगांचे पैसे आधी भरावे लागले. एकेकाचे कपडे एकेका बॅगेत भरू नयेत. चौघांचे मिसळून भरले तर एक बॅग मागे राहिली तरी कुणी कपड्यांवाचून अडत नाही.

हार्ड डिस्क दोन, दोन वेगळ्या माणसांच्या हातातल्या सामानात. जहाजात एकही नाही.

कागदांचं काम मात्र पॅकिंगच्या आठवड्याचं नाही. ते त्याआधी किमान सहा आठवडे सुरू व्हायला हवं. १९६१ च्या हेग करारानुसार मिळणारा अपोस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याचा दुसऱ्या देशात चालणारा शिक्का, ज्या देशाने कागद दिला त्याच देशात मिळतो. मुलाचा जन्मदाखला, पदव्या, पोलिसांचा चारित्र्य दाखला, जे जे तिकडे लागेल त्यावर तो इथे असतानाच घ्यावा. परतल्यावर दूरवरून करायला दुप्पट वेळ जातो. जन्मदाखल्याच्या तीन-चार अधिकृत प्रती काढाव्यात. शाळेकडून नुसतं प्रगतिपत्रक पुरत नाही, इयत्ता आणि सोडल्याची तारीख लिहिलेलं पत्र हवं. लसीकरणाची नोंद, दंतवैद्याचे एक्स-रे, एमआरआयच्या मूळ डायकॉम फाइल्स, म्हणजे स्कॅनच्या डिजिटल प्रतिमा (छापील अहवालावर पुढचा डॉक्टर समाधान मानत नाही), आणि गाडीच्या विम्याचं क्लेम न घेतल्याचं प्रमाणपत्र. मूळ प्रती आणि पासपोर्ट हातातल्या सामानात. त्या या घरात लाल खोलीतही नव्हत्या. सोमवारपासून खांद्यावरच्या पिशवीत होत्या.

ताबा

रविवारी दुपारी चारला पाहणी आणि रात्री विमान, हा आराखड्यातला सगळ्यांत मोठा दोष. एजंटने ओव्हनमधला चिकट थर किंवा नळाभोवतीचा क्षाराचा पांढरा थर दाखवला तर घासायला वेळ नाही, आणि अनामतीतून व्यावसायिक सफाईचा दर कापला जातो. पाहणी शनिवारी सकाळी अकराला हलवली. घर रिकामं, दिवसाउजेडी, हातात दीड दिवस. रात्र दोन खोल्यांच्या तात्पुरत्या निवासात. तसंही पलंग बुधवारीच गेले होते आणि मधले तीन दिवस हवेच्या गाद्यांवर काढले.

फ्रीज घरमालकाचा होता. त्याचा बर्फ वितळून आतलं पाणी निघायला चोवीस तास लागतात, म्हणून गुरुवारी रात्री बंद, दाराच्या फटीत गुंडाळलेलं फडकं. दार बंद ठेवलं तर दोन दिवसांत वास धरतो. खिळ्यांची भोकं पुट्टीने बुजवून वाळल्यावर घासायची. रंग जुळत नसेल तर ठिपके लावण्यापेक्षा नुसतं बुजवलेलं बरं दिसतं. वीज, पाणी, गॅसच्या मीटरचे फोटो मीटर क्रमांकासह आणि एजंटच्या समोर. किल्ल्या मोजून द्यायच्या, पत्रपेटी आणि तळघराच्या किल्ल्यांसकट, आणि पोच घ्यायची. घर घेताना झालेल्या पाहणीचा अहवाल हातात असेल तर जुन्या डागावर वाद होत नाही.

सगळ्यांत शेवटी बंद होणारं

इथे उतावीळपणा नडतो. ‘सगळं मिटवून जाऊ’ म्हणून शुक्रवारी नवऱ्याने बँक खातं आणि मोबाइल दोन्ही बंद करायचा अर्ज तयार ठेवला होता. अनामत काही आठवड्यांनी त्याच खात्यात येणार, वीज कंपनीचं शेवटचं बिल त्याच खात्यातून जाणार, कराचा परतावाही तिथेच. आणि त्या खात्यात शिरायचा ओटीपी येतो तो स्थानिक सिमवर. सिम आधी बंद केलं की खातं चालू असूनही हाताबाहेर जातं; मायदेशातून ओळख पटवून नंबर बदलायला सही, पासपोर्टची साक्षांकित प्रत आणि पुष्कळ धीर लागतो.

त्यामुळे क्रम असा लागला. मोबाइलचा नंबर सगळ्यांत स्वस्त प्रीपेड योजनेवर हलवला. मायदेशी गेल्यावर एसएमएस येतो का, हे निघण्याआधी कंपनीला विचारलं, सिम दुसऱ्या खाचेत टाकलं आणि ठरावीक मुदतीत रिचार्ज न केल्यास नंबर जातो म्हणून कॅलेंडरवर खूण केली. बँकेला मायदेशातला नवा पत्ता कळवला, कारण देश सोडून तिथले अनिवासी झाल्यावर काही बँका खात्याचा प्रकार बदलतात आणि न कळवता राहणं महागात पडतं. पत्रं वळवण्यासाठी टपालखात्याची सेवा घेतली, शिवाय एका शेजाऱ्याचा पत्ता दिला. गाडीचा विमा मालकी बदलल्याची पोच हातात आल्यावरच बंद केला.

बिल ऑफ लेडिंगवर, म्हणजे जहाजाने माल घेतल्याच्या पोचपावतीवर, ज्याचं नाव माल घेणारा म्हणून आहे, त्याचा मूळ पासपोर्ट सामान सोडवताना बऱ्याच देशांत मागतात आणि काही ठिकाणी तो माणूस प्रत्यक्ष हजर हवा. म्हणून ज्याला परतल्यावर लगेच कामानिमित्त बाहेर जायचंय त्याचं नाव तिथे टाकू नये. इथे ते बायकोच्या नावावर केलं. माल उतरल्यावर गोदामात काही दिवस फुकट असतात, मग दररोज डेमरेज, म्हणजे उशिराचा आकार, चढतं. खातं बंद करण्याचा अर्ज अनामत जमा झाल्यावर, शेवटचं वीजबिल वळतं झाल्यावर आणि विम्याचा काही दावा असेल तर तो मिटल्यावरच पाठवायचा. सिम त्याच्याही नंतर.